बडोद्याहून कोकणात: उन्हाळ्यातली कयाक आणि किनाऱ्यावरून गळ टाकण्याची सहल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खंभातचं आखात तर बडोद्याच्या दाराशी आहे. मग कोकणापर्यंत कशाला जायचं?

आखात जवळ आहे, पण ते या कामाचं नाही. कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ रोज भरतीला पाण्याखाली जातं, हे बडोदेकरांना सांगायला नको. आखाताच्या वरच्या भागात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्याही वर जातो. एवढं पाणी सहा तासांत आत येणार आणि सहा तासांत बाहेर जाणार, म्हणजे प्रवाह वल्ह्याने कापण्यासारखा राहत नाही. ओहोटीला मागे उरतो तो गुडघाभर चिखल. त्यात कयाक ओढता येत नाही आणि पाय रोवून गळही टाकता येत नाही.

शनिवार-रविवारचीच सोय असेल तर डहाणू-बोर्डी गाठा. डहाणू रोड रेल्वेने पावणेतीनशे किलोमीटरच्या आत आहे. मात्र किनारा फार सपाट असल्याने ओहोटीला पाणी लांब जातं. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास, एवढीच वेळ हाती लागते. चार-पाच दिवस मिळत असतील तर सरळ कोकण.

कोकणात नेमकं कुठे?

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तारकर्ली-देवबाग धरावं. देवबाग ही अरबी समुद्र आणि कर्ली नदी यांच्या मधली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला नदीचं शांत पाणी, दुसऱ्या अंगाला लाटांचा किनारा, आणि मधलं अंतर चालत जाण्याएवढं. सकाळी नदीत कयाक, संध्याकाळी समुद्रावर गळ, असा दिवस गाडी न काढता जमतो. कयाक भाड्यानेही मिळतात. एकच जागा टाळायची: पट्टीचं टोक, जिथे नदी समुद्राला मिळते. तिथे ओहोटीची ओढ जबर असते.

दुसरा पर्याय दापोलीचा: कर्दे, मुरुड, हर्णै, आंजर्ले. इथला किनारा सपाट आणि कठीण वाळूचा आहे, हर्णै बंदरावर ताजं आमिष मिळतं आणि बडोद्यापासून अंतरही कमी पडतं. गुहागर त्याहून निवांत. दापोलीहून गुहागरला जायला दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे, गाडीही त्यावर चढते. ही बोट ज्या वाशिष्ठी खाडीतून जाते, त्याच नदीत वर चिपळूणकडे मगरी आहेत. मगरींच्या विश्वामित्रीकाठी राहणाऱ्या बडोदेकरांना हे वेगळं समजवायची गरज नसावी. तिकडे कयाक नेऊ नका.

तारखा कशा ठरवायच्या? मुलांच्या सुट्ट्या मेमध्ये आहेत.

महिना सुट्टीवरून ठरवा, पण दिवस तिथीवरून. बहुतेकांची सहल फसते ती इथेच. लोक शनिवार बघून खोली घेतात आणि तिथे गेल्यावर कळतं की पहाटे सहाला पाणी तळाला आहे आणि भरती भर दुपारी बाराच्या उन्हात.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला 4 × ¾ म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. पहाटेची आणि दुपारनंतरची अशा दोन्ही भरत्यांना हाच आकडा लागू पडतो. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दर दिवशी वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हिशेबात पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून जवळच्या बंदराची वेळ ताडून घ्या.

आता गंमत बघा. उधाणाच्या दिवसांत पाण्याला जोर असतो, पण भरती दुपारी आणि मध्यरात्री येते. अष्टमीला भरती बरोबर सूर्योदय-सूर्यास्ताला येते, पण तेव्हा भांग असतो, पाणी मरगळलेलं. मधला मार्ग म्हणजे दशमी ते द्वादशी. एकादशी धरली तर पूर्ण भरती सव्वाआठची, सकाळी आणि रात्रीही. सकाळी सव्वासहाला चढत्या पाण्याबरोबर नदीत वरच्या अंगाला निघायचं, साडेआठला पाणी थांबतं तिथून वळायचं आणि उतरणीच्या पहिल्या, मऊ प्रवाहाबरोबर दहाच्या आत परत यायचं. संध्याकाळी सहा ते साडेआठ चढतं पाणी आणि मावळता उजेड, म्हणजे किनाऱ्यावर गळ टाकायची उत्तम वेळ. शुद्ध पक्षात शिवाय चांदणं असतं, वद्य पक्षात डोक्यावरचा दिवा लागेल. पंधरवड्यात असे तीनच दिवस येतात. खोली आणि तिकीट त्यांच्याभोवती बसवा. एकादशीच्या दिवशी मासे धरणं घरात चालणार नसेल, तर दशमी आणि द्वादशी आहेतच.

मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये चालेल का?

नाही. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बंदी तुमच्या गळावर नाही, पण समुद्रात मदतीला येणारी होडी त्या काळात क्वचितच असते. जलक्रीडाही मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेर बंद ठेवतात, म्हणजे भाड्याची कयाक मिळणार नाही. मार्चचा मध्य ते 15 मे हा काळ चांगला. 20 मेनंतर पावसाळी लाट केव्हा लागेल याचा भरवसा नसतो.

प्रवास आणि सामान?

गुजरातहून केरळकडे जाणाऱ्या काही गाड्या बडोदा, वसई रोड, पनवेल मार्गे कोकण रेल्वेवर जातात. मरुसागर आणि ओखा-एर्णाकुलम ही त्यांतली ओळखीची नावं. त्या रोज नसतात, त्यामुळे तिथी आणि गाडीचा वार जुळवायला कॅलेंडर समोर घेऊनच बसा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि मेची तिकिटं टिकत नाहीत. मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवलीला उतरायचं. तुमची गाडी कुठे थांबते ते आधी बघा.

डब्यात नेता येणाऱ्या सामानाचं माप 100 × 60 × 25 सेंटिमीटर आहे. तीन तुकड्यांचा सर्फ रॉड मिटवला तरी सव्वा ते दीड मीटर भरतो. म्हणून रेल्वेने जाणाऱ्यांनी पाच-सहा तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड घ्यावा. कडक कयाक रेल्वेच्या डब्यात जात नाही. हवेची कयाक 12 ते 17 किलोची, बॅगेत बसते, आणि नदीसाठी पुरेशी आहे. लाटांत मात्र ती वाऱ्यावर भरकटते.

गाडीच्या टपावरून कयाक नेणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात भरूच-सुरत ओलांडेपर्यंत प्लास्टिक मऊ पडतं. पट्टा रॅचेटने करकचून आवळला तर तळाला कायमचा खड्डा पडतो आणि मग कयाक सरळ चालत नाही. कयाक पालथी ठेवा, साधे बकलचे पट्टे हाताने ताणा, पुढून-मागून दोरीने गाडीला बांधा. पट्ट्याला एक पीळ दिला की तो वाऱ्यावर घोंघावत नाही. चहाला थांबाल तेव्हा गाडी सावलीत लावा आणि पट्टे पुन्हा तपासा.

कोणती कयाक?

वर बसायची, म्हणजे ‘सिट-ऑन-टॉप’. लांबी 10 ते 12 फूट, वजन 25 ते 32 किलो. पाणी आत शिरलं तरी तळाच्या भोकांतून निघून जातं आणि उलटली तर परत चढता येतं. भारक्षमता बघताना तुमचं वजन अधिक 20 किलो सामान धरा आणि छापील आकड्याच्या दोन तृतीयांशाच्या आत राहा. भाड्याची घेताना तीन गोष्टी तपासा: मागच्या ड्रेन प्लगचं बूच घट्ट आहे का, कयाक हलवल्यावर पोटात पाणी डुचमळतं का, आणि वल्ह्याचा मधला सांधा खिळखिळा आहे का. पोटात पाणी असेल तर दुसरी मागा. परतेपर्यंत ती जड होते आणि लाटेत सरळ पालथी होते.

लाइफ जॅकेट सतत घालायचं का? पोहता येतं.

सतत, बकल लावून. 18 जानेवारी 2024 ला बडोद्याच्या हरणी तलावात बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. तलाव शहरातला होता आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर जॅकेटच नव्हतं. पोहता येत असेल तर किमान 50 न्यूटन तरंगशक्तीचं, येत नसेल तर 100 न्यूटनचं घ्या. खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर उचलल्यावर जॅकेट कानापर्यंत सरकत असेल तर माप मोठं आहे. शिट्टी जॅकेटलाच बांधा.

सराव बडोद्यात कुठे करायचा?

विश्वामित्री नदी आणि आजवा सरोवर दोन्ही बाद, कारण मगरी. सरावाला मुळात कयाकपेक्षा परत चढणं महत्त्वाचं आहे, आणि ते पोहण्याच्या तलावात हवेच्या कयाकवर शिकता येतं. तलावाच्या व्यवस्थापकांना विचारून गर्दी नसलेली वेळ घ्या. क्रम असा: उलटलेल्या कयाकच्या मध्याशी जा, पलीकडची कड धरून ती आपल्याकडे ओढून सरळ करा, मग दोन्ही हात बैठकीवर ठेवून पाय पाण्याच्या पृष्ठभागाशी आणा. पाय जोरात मारत छाती वर घ्या, पोट बैठकीवर येईपर्यंत पुढे सरका, कुशीवर वळून बसा आणि शेवटी पाय आत घ्या. पाय खाली लोंबकळत ठेवून नुसत्या हातांच्या जोरावर चढायला गेलं की कयाक अंगावर येते. जॅकेट घालून सलग तीनदा चढता येईपर्यंत समुद्राचं नाव काढू नका.

कयाकवरून समुद्रात गळ टाकता येईल का?

पहिल्या सहलीत नदीतच टाका. लाटा ओलांडून जायचंच असेल तर आधी किनाऱ्यावर पंधरा मिनिटं उभं राहून लाटा मोजा. मोठ्या लाटा चार-सहाच्या गटाने येतात आणि मग थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत निघायचं. कमरेएवढी लाट फुटत असेल तर जायचं नाही.

रॉड, डबा, आमिष, सगळं बांधून किंवा कयाकच्या पोटात टाकून. लाटेच्या तोंडाशी टोक काटकोनात ठेवा आणि लाट येताना वल्हं थांबवू नका. जे थांबतात ते आडवे होतात, आणि आडवी झालेली कयाक लाट गुंडाळूनच टाकते. आडवे झालातच तर अंग लाटेच्या बाजूला झुकवा. किनाऱ्याकडे झुकलात तर उलटलात. परतताना मोठा गट जाऊ द्या आणि शेवटच्या लाटेच्या पाठीवरून या, तिच्या तोंडावरून नव्हे. पाय टेकतील तिथे समुद्राच्या बाजूने उतरा. कयाक आणि किनारा यांच्या मध्ये कधीच उभं राहायचं नाही. पाण्याने भरलेली कयाक पुढच्या लाटेबरोबर गुडघ्यांवर आदळते.

सकाळी जमिनीवरचा वारा हलका असतो. अकराच्या सुमारास वायव्येचा समुद्रवारा उठतो आणि दुपारी पाणी खवळतं. ताशी 12-15 किलोमीटरच्या वर वारा असेल तर नवख्यांनी कयाक काढू नये. हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेचा लाटांचा अंदाज रोज बघा, आणि उंचीइतकंच दोन लाटांमधल्या सेकंदांकडेही लक्ष द्या. एप्रिल-मेमध्ये आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असतानाही दूर दक्षिणेतून 14-16 सेकंदांची लाट येते. अंदाजात ती एक मीटरचीच दिसते, पण किनाऱ्यावर फुटताना दणका देते.

किनाऱ्यावरून टाकायला रॉड-रील कसं?

रॉड 12 ते 13 फूट, 80 ते 150 ग्रॅम वजन फेकणारा. स्पिनिंग रील 5000-6000 आकाराचं. त्यावर 0.35 मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा) 200 मीटर, किंवा 20-25 पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा. ब्रेड लांब जाते, पण वाळूवर घासून तुटते आणि नवख्याच्या हातात गाठींचा पुंजका होतो. सुरुवात तंगुसाने करा.

दोन्हींना पुढे शॉक लीडर हवाच: 40-50 पौंडी तंगूस, रॉडच्या दुप्पट लांबीचा, म्हणजे फेकताना त्याचे चार-पाच वेढे रीलवर राहतील. 100 ग्रॅम शिसं जोरात फेकताना सगळा झटका या तुकड्यावर येतो. तो नसला की तंगूस तुटतो आणि शिसं बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं, कुठल्या दिशेला ते सांगता येत नाही. म्हणून फेकण्याआधी मागे-बाजूला वीस पावलं मोकळी आहेत का ते बघायचं आणि बोटाला चामड्याचं किंवा रबराचं टोपण घालायचं.

साज असा करा. 40 पौंडी तंगूस एक मीटर, वरच्या टोकाला स्विव्हल (फिरती कडी), खालच्या टोकाला शिशासाठी क्लिप. क्लिपपासून 25 सेंटिमीटरवर एक फांदी आणि 65 सेंटिमीटरवर दुसरी. प्रत्येक फांदी 15 सेंटिमीटरचीच. फांद्या एकमेकींपर्यंत पोचतील इतक्या लांब ठेवल्या की पहिल्याच लाटेत वेणी घातली जाते. मुडदुशांसाठी 6-8 नंबरची बारीक गरी, रावसासाठी 1/0 किंवा 2/0 ची सर्कल गरी. सर्कलला झटका द्यायचा नसतो. रॉड वाकू लागला की नुसतं रील फिरवा, गरी जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप रुतते. शिसं पिरॅमिडच्या आकाराचं घ्या. गोल शिसं लाटेबरोबर लोळत किनाऱ्याला परत येतं.

रॉड वाळूवर ठेवला की रीलचं काम तमाम. 50 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप सव्वा मीटर कापून घ्या, एक टोक तिरकं छाटा आणि दुसऱ्या टोकापासून 40 सेंटिमीटरवर आरपार बोल्ट टाका, त्यावर रॉडचा बुंधा टेकतो. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात होतो. तिरकं टोक निदान 40 सेंटिमीटर वाळूत घुसलं पाहिजे.

आमिष कोणतं आणि कुठून?

ताजी कोळंबी, पेडवे, माकूळ. सकाळी बंदरावर पाव किलो घेतलं तर दोघांना संध्याकाळपुरतं होतं. कोळंबी सोलून गरीवर ओवल्यावर बारीक इलॅस्टिक दोऱ्याचे सात-आठ वेढे द्या, नाहीतर फेकतानाच ती उडून जाते. माकूळ चिवट, खेकड्यांनी कुरतडलं तरी टिकतं. आमिष बर्फावर ठेवा, पण वितळलेल्या पाण्यात बुडवू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी काढून बघा. तासभर रिकामी गरी पाण्यात ठेवून ‘मासाच नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

कुठे फेकायचं? सगळा किनारा सारखाच दिसतो.

ओहोटीला किनाऱ्यावर चक्कर मारा. वाळूत किनाऱ्याला समांतर खोलगट नाळ दिसते, तिच्या पलीकडे उंचवटा, मध्ये मध्ये उंचवट्याला खिंड. फोनमध्ये फोटो काढा आणि मागच्या माडाची, घराची, होडीची खूण लक्षात ठेवा. भरतीला उंचवट्यावर लाट पांढरी फुटते आणि नाळेवर पाणी गडद राहतं. मासा नाळेत फिरतो, आणि ती बऱ्याचदा 30-40 मीटरवरच असते. ताकद लावून शंभर मीटर फेकणारा माशांच्या डोक्यावरून फेकत असतो.

खिंडीच्या तोंडाशी आमिष उत्तम, पण तीच जागा पोहणाऱ्यासाठी जीवघेणी. उंचवट्यावर चढलेलं पाणी तिथूनच परत समुद्रात जातं. लाटा दोन्ही बाजूंना फुटतात आणि मध्ये पाणी शांत, गढूळ दिसतं, म्हणून लोक नेमके तिथे उतरतात. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला व्हा, मग लाटांबरोबर आत या. गळ टाकणाऱ्याने गुडघ्याच्या वर पाण्यात जायचंच नाही.

काय लागतं गळाला? कशाला हात लावायचा नाही?

मुडदुशा, बोय, ढोमा, लहान रावस, खाडीच्या तोंडाशी तांबोशी, नशीब असेल तर जिताडा. आणि शिंगाळा, हमखास. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांजवळचा असे तीन काटे विषारी असतात. पक्कड वापरा, किंवा सरळ तंगूस कापा. पाकटाच्या (स्टिंगरे) शेपटीलाही काटा असतो. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घसटत चाला, म्हणजे ते बाजूला होतं. काटा लागला तर जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात (45 अंशांच्या आसपास) अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. हाती लागताच फुगणारा मासा म्हणजे केंड. तो शिजवूनही विषारीच राहतो. समुद्रसाप आला तर तंगूस लांबूनच कापा.

लहान मासा सोडून द्या. महाराष्ट्राने 54 प्रजातींची किमान मापं ठरवली आहेत, उदाहरणार्थ बांगडा 14 सेंटिमीटर. हात ओला करून धरा, गरी काढा, पाण्यात सोडा.

कुठले नियम पाळायचे?

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं आहे, सुमारे 29 चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या गाभा क्षेत्रात मासेमारी बंद आहे. किल्ल्याजवळ कयाकवर रॉड घेऊन जाऊच नका. किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) चालू असेल तर जाळ्याच्या तरंगत्या फ्लोटच्या कमानीत शिरायचं नाही आणि जाळ्यावरून गळ फेकायचा नाही. रापणकरांना विचारून शंभर-दोनशे पावलं बाजूला बसा. जाळं ओढायला हात लावलात तर कुठे मासा लागतो हेही कळेल. एप्रिल-मेमध्ये वेळास, आंजर्ले, गुहागर भागात कासवांची पिल्लं निघतात. जाळीच्या कुंपणाजवळ दिवा लावू नका आणि तंगुसाचा एकही तुकडा वाळूत सोडू नका.

ऊन? आम्ही 43 अंश सोसतो.

बडोद्याचं ऊन कोरडं, घाम वाळतो. कोकणात पारा 34 वर असतो पण घाम वाळत नाही, आणि पाण्यावरून ऊन खालूनही लागतं. माणशी चार-पाच लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा सदरा, हनुवटीखाली बांधायची टोपी. अकरा ते चार सावलीत.

अडचण आली तर?

तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093, रुग्णवाहिका 108. निघताना घरमालकाला परतीची वेळ आणि कयाकचा रंग सांगून जा. फोन जलरोधक पिशवीत, आणि ती पिशवी जॅकेटला, कयाकला नव्हे.

मासे बडोद्याला आणता येतील का?

आणता येतात, पण रेल्वेने आणू नका. डब्यातले लोक वास सहन करणार नाहीत. गाडीने आणायचे तर पोट-कल्ले काढून, माशाच्या वजनाइतका बर्फ थरांमध्ये घालून, तळाला पाणी निथळायची सोय करून. दर पाच-सहा तासांनी बर्फ भरा. सोसायटीत वाटण्याइतके क्वचितच मिळतात, तेव्हा तिथल्याच खानावळीत देऊन कालवण करून घेतलेलं बरं. आणि महाराष्ट्रातून किंवा दमणहून येताना गाडीत बाटली ठेवू नका. गुजरातेत दारूबंदी आहे, हद्दीवर तपासणी होते, आणि बर्फाची पेटी आधी उघडतात.

परतल्यावर सामानाचं काय?

त्याच रात्री धुवा. रीलचा ड्रॅग (दोरा सुटण्याला आवर घालणारा ब्रेक) घट्ट करून वरून गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराचा फवारा मीठ आत ढकलतो. पुसा, ड्रॅग सैल करा, हँडलच्या सांध्यात एक थेंब तेल. रॉडचे तुकडे सुटे करून वाळवा, नाहीतर सांधे चिकटतात. कयाकचं बूच उघडं ठेवून ती सावलीत कलती ठेवा. गच्चीवर, मेच्या उन्हात, कधीच नाही.